डोमा मोकळा उभा होता

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. करडीतल्या बाया 'आमच्या घरचे' म्हणतात, 'पोरीचे बाबा' म्हणतात, लयच झालं तर 'आमचा बुवा' म्हणतात. मी सेवकराम म्हणते. जेवढी वर्षं नाव न घेता निभावली तेवढी पुरे झाली. माणसाची किंमत समजल्यावर मग कायची लाज?

तर हा सेवकराम, गोमाजीचा पोरगा. बास्केटबॉलचा गार्ड. कंपनीचा पगारी खेळाडू. हे मी सांगून नाही राहिली, हे तो सांगते. लग्नात सांगते, मयतीत सांगते, न्हाव्यापुढं मान खाली घालून बसला असला तरी सांगते. ऐकणाऱ्याले बास्केटबॉल काय असते हे माहीत नसलं तर त्याले अजून जोर येते.

गार्ड म्हणजे काय ते मी सांगते, कारण करडीतल्या एकाही शहाण्याले ते आजपावेतो समजलं नाही. पाच जणांचा खेळ असते. वर लोखंडाची रिंग, तिले जाळी, तिच्यात बॉल टाकायचा. गार्डानं बॉल आपटत आपटत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणायचा, कोण कुठं उभा आहे ते पाहायचं, अन् जो मोकळा असन त्याच्या हातात द्यायचा. झालं त्याचं काम. टाकणारा दुसरा. टाळ्या टाकणाऱ्याले. मी चौथी शिकलेली बाई, मले हे एका दिवसात समजलं.

अन् त्याले हे देणं कसं जमे तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती बोल लावून राहिली. रोवण्याच्या दिवसात पाणी साचलेल्या बांधीत बाया ओळीनं वाकून धानाची रोपं, आमच्याकडचे परे, लावत मागं मागं सरकतात, अन् कडेच्या धुऱ्यावरून एक माणूस त्यायच्याकडं परह्याच्या पेंढ्या फेकते. बाईचा हात रिकामा झाला का पेंढी तिच्या हाताजवळ पडली पायजे. लांब पडली तर तिले उठावं लागते, जवळ पडली तर तोंडावर चिखल उडते, अन् मग फेकणाऱ्याच्या सात पिढ्या निघतात. सेवकराम आमच्या गावी त्याच्या मामाच्या बांधीत पेंढ्या फेकाले आला होता. पाहे एकीकडं अन् फेके दुसरीकडं. कोणाचा हात कवा रिकामा होणार हे त्याले आधीच समजे. माह्या हाताजवळ पेंढी अशी अलगद येऊन पडे का मले मान वर करायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी मी नाही केली. दुसऱ्या दिवशी केली. तिथंच माती खाल्ली.

भंडाऱ्याले होस्टेलात राहून तो दहावीपर्यंत शिकला. शिकला म्हणजे वर्गात बसला. तिथले खेळाचे मास्तर मारोतराव यायनं त्याचे हात पाहिले अन् त्याले बास्केटबॉलात घातलं. उंची बेताची, पण पाय हरणाचे, अन् बॉल देणं तर त्याच्या अंगातच होतं. तवा भंडाऱ्याच्या बाहेर नागपूर रोडवर भागचंद शेठची तार ओढायची कंपनी निघाली होती. तिचे मॅनेजर मेहरा साहेब. साहेब स्वतः जवानीत खेळलेले, त्यायले कंपनीची टीम काढायचा भारी सोस. चांगले पोट्टे पाहून पाहून त्यायनं कामावर लावले. सकाळी तारेचे गुंडाळे मोजायचे, दुपारनंतर कंपनीच्या मैदानात खेळायचं. पगार महिन्याचा, पण नोकरी टेम्परवारी. हे पंचाहत्तर साल. त्याच साली आमचं लग्न झालं. माह्या बापानं 'कंपनीत आहे' एवढंच ऐकलं, पुढचा शब्द ऐकलाच नाही.

आम्ही भंडाऱ्यात एका खोलीत राहो. बाजूच्या खोलीत डोमा. हा लाखनीचा. त्याच्या मायचं हायवेवर चहाचं दुकान होतं, ट्रकवाल्यायच्या शिव्या ऐकत ऐकत तो वाढला, पण स्वतःच्या तोंडून कधी वाकडा शब्द नाही. उंच असा का आमच्या खोलीच्या दारातून वाकून आत येये. टीममध्ये बॉल टाकणारा तो. सेवकरामनं द्यायचा अन् डोमानं टाकायचा. दोघं बोलत नसत, खुणा करत नसत. डोमा रिंगखाली जाऊन हात वर करे अन् बॉल हातात येऊन पडे. मी रिकामपणी मैदानाच्या कडेले बसून पाहो. खोटं कायले बोलू, पाहाले बरं वाटे.

तीन वर्षं असं चाललं. मग अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत त्यायची टीम एका मोठ्या टूर्नामेंटच्या फायनलले आली. भंडाऱ्यालेच मॅच, समोर नागपूरची टीम. साहेबानं सगळ्या पोट्ट्यायले ऑफिसात बोलावून सांगितलं का जिंकले तर शेठजी सगळ्यायले परमनंट करणार, क्वार्टर देणार. हरले तर शेठजी टीमच बंद करणार, त्यायले तसाही खर्च जड होऊन राहिला होता. म्हणजे इकडं किंवा तिकडं, मधलं काही नाही.

मी क्वार्टर पाहून आली होती. दोन खोल्या, मागं अंगण, अन् मोरीत नळ. घरात नळ. चूल कुठं मांडायची, पाण्याची टाकी कुठं ठेवायची हे मी सगळं ठरवून टाकलं होतं. माह्या सोबत डोमाची मायही आली होती पाहाले. डोमाचं लग्न त्या क्वार्टरवर अडून होतं. पोरीच्या बापानं साफ सांगितलं होतं, परमनंट झाला तर पोरगी, नाहीतर राम राम. म्हातारीनं नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. आम्ही दोघी दात काढत घरी आलो.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. बिघडवलं ते करडीनं.

करडीचा पुढारी भय्याजी पाटील. ज्या माणसाले आपलं नाव भोंग्यातून ऐकल्याशिवाय जेवण पचत नाही असा माणूस. गावचा पोट्टा भंडाऱ्याले फायनल खेळून राहिला हे समजल्यावर त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाव भरलं अन् मैदानाच्या कडेले आणून ओतलं. सगळ्यात पुढं माहा सासरा गोमाजी, खळीची पांढरी टोपी घालून. यायच्यापैकी कोणीच हा खेळ जन्मात पाहिला नव्हता. पाहिला नाही तर गप बसावं ना. पण गप बसणं हे आमच्या गावाले कोणी शिकवलंच नाही.

आता एक पद्धत सांगावी लागते. दिवाळी झाली का आमच्याकडे गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते. दिवसा दंडार होते, म्हणजे गावच्याच लोकायचं नाचगाण्याचं नाटक. दंडारीत एखाद्याचं काम आवडलं का पाहणारा उठते, इनाम देते, अन् माइकवरून पुकारा होते का अमक्या गावच्या अमक्याकडून तमक्याले इनाम. पुकारा झाला का सगळं थांबते. राजा रडता रडता थांबते, इनाम देणाऱ्याले हात जोडते, त्याच्याकडं तोंड करून दोन गिरक्या जास्त घेते अन् पुन्हा रडाले लागते. कोणाले काही वावगं वाटत नाही. मलेही वाटत नाही. दंडारीत ते शोभते.

पहिल्या हाफात सेवकराम सोन्यासारखा खेळला. हे मी म्हणून राहिली, अन् मी त्याची स्तुती करणारी बाई नव्हे. बॉल घेऊन येये, नागपूरचे दोन पोट्टे त्याच्या अंगावर धावत, तो पाहे भलतीकडं अन् बॉल डोमाच्या हातात. डोमानं टाकला का टाळ्या. कंपनी बरीच पुढं होती. मेहरा साहेब खुर्चीवर बसतच नव्हते.

करडीवाले मात्र तोंड पाडून बसले. आपला पोट्टा एवढा धावते, घाम गाळते, बॉल आणते, अन् तो लाखनीचा लांब्या फुकटात टाकते. हा कायचा न्याय? सोमाजी म्हणून एक जण माह्या सासऱ्याच्या शेजारी बसला होता. तो म्हणे, "गोमाजी, तुह्या पोट्ट्याले टाकू देऊन नाही राहिले, का त्याले टाकताच येत नाही?" गोमाजीनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बायकायची बाजू त्यायच्या मागंच होती, मी सगळं ऐकून राहिली होती. माह्या मनात आलं का उठावं अन् त्यायले समजावून सांगावं. पण सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, तेही भर मैदानात. बसली तशीच.

हाफ टाइम झाला. भय्याजी उठला, टेबलापाशी गेला, माइकवाल्या पोट्ट्याच्या हातून माइक घेतला. "करडीचे प्रतिष्ठित नागरिक भय्याजी पाटील यांच्याकडून," स्वतःच स्वतःले म्हणे, "आपल्या गावचा सेवकराम यानं टोपली टाकल्यास एक पितळी गुंड इनाम." गुंड म्हणजे पाणी भरायची मोठी घागर. ट्रॉलीवाले लोक उठून नाचाले लागले. मग सोमाजीच्या अंगात आलं, त्यानं ब्लँकेट लावलं. नत्थू न्हावी म्हणे, माह्याकडून बकरा. नत्थूच्या घरी बकरा नव्हता, हे सगळ्या गावाले माहीत होतं.

सेवकराम कडेले पाणी पिऊन राहिला होता. त्याचा ग्लास तोंडाजवळच थांबला. मी त्याच्याकडंच पाहून राहिली होती. लग्नात घोड्यावर बसला तवा जसं तोंड झालं होतं तसंच झालं.

दुसरा हाफ सुरू झाला. पहिलाच बॉल त्याच्या हातात आला. डोमा रिंगखाली गेला, हात वर केला. यानं लांबूनच स्वतः टाकला. अन् करमफुटका तो गेला आत. चुकला असता तर बरं झालं असतं, तिथंच अक्कल आली असती. भोंगा ओरडला, "भय्याजी पाटलांकडून पितळी गुंड." अन् हा भैताड काय करते? खेळ चालू, शिट्टी नाही, काही नाही, अन् हा वळून ट्रॉलीकडं तोंड करून भय्याजीले हात जोडते. दंडारीतल्या राजासारखा. तेवढ्यात नागपूरच्या पोट्ट्यानं बॉल उचलला अन् निवांत जाऊन आमच्या रिंगमध्ये टाकून आला. अडवाले कोणी नव्हतं. अडवणारा नमस्कार करून राहिला होता.

मग काही विचारू नका. बॉल आला का टाक, बॉल आला का टाक. रिंगले लागे, बोर्डाले लागे, कशालेच लागत नसे. डोमा धावून धावून रिंगखाली जाये, हात वर करे, अन् तसाच खाली घेये. एकदाही चिडला नाही. नागपूरवाले जवळ जवळ येत गेले. मेहरा साहेबानं शेवटी सेवकरामले बाहेर काढलं अन् बेंचवर बसवलं.

करडीले वाटलं आपलं नाक कापलं. भय्याजी पुढं अन् गाव मागं, सगळे मैदानाच्या मधोमध येऊन बसले मांडी घालून. "आमचा खेळाडू नाही तर खेळ नाही." रेफरीनं हात जोडले, हवालदारानं काठी आपटली, कोणी हलाले तयार नाही. एकानं तर तिथंच शिदोरी सोडली. नागपूरवाले दात काढून राहिले होते. मले असं वाटलं का धरती फाटावी, अन् मी नाही, हे सगळे आत जावेत. शेवटी साहेबानं हार मानली. सेवकरामच्या दोन्ही खांद्याले धरून म्हणे, "सेवक, सिर्फ देना है. डोमा को देना है. समझा?" यानं मान हलवली.

अन् थोडा वेळ दिलेही त्यानं. डोमानं दोन टाकले. पण तवापर्यंत नागपूर पुढं गेलं होतं. शेवटी एका पॉइंटचा फरक राहिला अन् वेळ सरत आला. बॉल सेवकरामच्या हातात. त्याच्या अंगावर दोघं धावले, म्हणजे डोमाजवळ कोणीच उरलं नाही. डोमा रिंगखाली एकटा, हात वर. त्यानं हाक मारली नाही. इतक्या वर्षांत त्याले हाक मारायची गरजच पडली नव्हती. सेवकरामनं त्याच्याकडं पाहिलं. मी सांगते ना, पाहिलं. मग त्यानं ट्रॉलीकडं पाहिलं. गोमाजी उभा झाला होता, टोपी पुन्हा डोक्यावर घातलेली. अन् यानं स्वतःच टाकला.

बॉल रिंगवर बसला, थोडा फिरला अन् बाहेर पडला. शिट्टी झाली.

पुढच्या महिन्यात टीम बंद, टेम्परवारी सगळे घरी. डोमाचं लग्न मोडलं. तो लाखनीले गेला, मायच्या दुकानाबाजूले ट्रकच्या चाकायचे पंक्चर जोडत बसला. त्याच्या मायनं मले एकदा बाजारात पाहिलं अन् तोंड फिरवलं. मी तिच्या जागी असती तर चप्पल काढली असती.

अन् आमचा खेळाडू? त्याची वरात निघाली. हरलेल्या माणसाची वरात मी तवा पहिल्यांदा पाहिली. वाटेवरच्या मोहाडीपासून बँड लावून करडीले नेलं, गुंड डोक्यावर घेऊन एक जण पुढं, ब्लँकेट खांद्यावर टाकलेलं. गावाच्या हिशेबानं तो जिंकला होता. टोपली टाकली ना त्यानं, इनाम घेतलं ना, मग अजून काय पायजे? मॅच कोण जिंकलं हे विचारायचं करडीले सुचलंच नाही. मी मागच्या बैलगाडीत भांड्याकुंड्यावर बसली होती. बाया म्हणत, "नशीबवान आहेस व, चंद्रकांता." मी पदर तोंडात धरला, नाहीतर शिव्या निघाल्या असत्या.

मग सुरू झाली त्याची दुसरी नोकरी, खेळाडू असण्याची. दर मंडईले त्याचा सत्कार. शाल, नारळ, भय्याजीचं भाषण, अन् मग याचं. कंपनीनं दिलेला निळा कोट घालून हा स्टेजवर उभा राहे अन् फायनल सांगे. पहिल्या वर्षी डोमाच्या अंगावर एक माणूस होता. पुढच्या वर्षी दोन झाले. नंतर डोमा पडलाच होता, त्याचा पाय मुरगळला होता, सेवकराम एकटाच सगळ्यायशी लढून राहिला होता. अजून काही वर्षं गेली असती तर डोमा त्या दिवशी मैदानातच नव्हता असं निघालं असतं. लोक टाळ्या वाजवत. मी चिवड्याच्या दुकानाआड उभी राहून ऐको अन् माह्या अंगाचा तिळपापड होये.

घरचं काय? बांधीत तो पाय टाकत नसे. खेळाडूचे गुडघे आहेत म्हणे, चिखलात खराब होतात. ज्याचे हात पेंढ्या फेकण्यात असे होते का बायायनं त्याले मागून नेलं असतं, तो रोवण्याच्या दिवसात ओट्यावर बसून लोकायले एका पायावर फिरून पिव्हट कसा घ्यायचा ते दाखवे. रोवणा मी करो. निंदण मी, कापणी मी, दोन पोरी मी. गोमाजी मरेपर्यंत येणाऱ्या जाणाऱ्याले गुंड दाखवत राहिला.

मग पंच्याऐंशी सालची मंडई आली. सकाळी मी अंगण सारवून राहिली होती तर दारात सायकल थांबली. डोमा. केस पिकाले लागले होते, पण उंची तेवढीच. वाकून आत आला. मले तोंड कुठं लपवावं समजेना.

"वहिनी, सेवक आहे का?" म्हणे. "साहेबानं बोलावलं."

कंपनी वाढली होती. शेठचा पोरगा आता मालक होता अन् त्याले खेळाचा नाद होता. मेहरा साहेब अजून तिथंच. कामगारायच्या पोट्ट्यायले शिकवाले दोन माणसं पायजे होती. परमनंट. क्वार्टर. साहेबानं डोमाले लाखनीहून शोधून काढलं अन् म्हटलं, जा, सेवकले घेऊन ये, तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. पण आजच्या आज, कारण साहेब उद्या कलकत्त्याले जाऊन राहिले होते, आल्यावर दुसरेच लोक लावले असते.

सेवकराम आतून आला, अंगात निळा कोट, केसाले तेल. डोमाले पाहून थबकला. मग हसला, खांद्यावर हात ठेवला, जसा काही हाच त्याले माफ करून राहिला. सगळं ऐकून घेतलं. म्हणे, "आज तर सत्कार आहे बावा. झाला का निघू."

"कवा होईन?" डोमानं विचारलं.

"होईन ना. भय्याजी आले का होईन."

तो गेला मंडपाकडं. डोमा ओट्यावर बसला. मी चहा दिला. माह्यानं राहावलं नाही, म्हटलं, "भाऊजी, तुम्ही त्याले न्याले कसे आले? तुमचं वाटोळं केलं त्यानं."

डोमानं चहा फुंकला. "हात चांगले आहेत वहिनी त्याचे," म्हणे. बस, एवढंच.

दुपार झाली. भय्याजी आले, पण आधी आमदाराच्या माणसाचं भाषण, मग दंडार, मग अजून कोणाचं काही. भंडाऱ्याची एस.टी. आता आली का येते असं झालं. मी पिशवी भरून ठेवली होती, त्याचे दोन कपडे, टॉवेल. मी मंडपाच्या मागं गेली. तो तिथं खुर्चीवर बसून होता, कोणी त्याले पान लावून दिलं होतं.

"चला जी," मी म्हटलं. "गाडी येऊन राहिली."

"झालं का जातो."

"झालं का साहेब चालला जाईन. शाल तुम्हाले पुढल्या वर्षी भी भेटन. नोकरी भेटणार आहे का?"

"जाऊ दे मग."

मी म्हटलं, "जाऊ दे? दोन पोरी आहेत तुम्हाले. सात वर्षं मी चिखलात वाकून राहिली अन् तुम्ही म्हणता जाऊ दे? काहून? कायले नाही यायचं?"

त्यानं आजूबाजूले पाहिलं. कोणी जवळ नव्हतं. मग खाली पाहून म्हणे, "इथं कोणाले मालूम नाही, चंद्रकांता. तिथं समद्यायले मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"डोमा मोकळा होता म्हणून."

तेवढ्यात भोंग्यातून त्याचं नाव पुकारलं. त्यानं पान गालात सारलं, कोटाचं बटन लावलं, अन् स्टेजवर गेला. टाळ्या वाजल्या. मी तिथंच उभी होती. मले कीव यायले पायजे होती, असं माही बहीण नंतर म्हणे. नाही आली. एवढी वर्षं मले वाटे का हा मूर्ख आहे, याले दिसलं नसन, मूर्खपणाले इलाज नसते. पण याले सगळं माहीत होतं. माहीत असून माह्या हातात परे दिले अन् स्वतः शाल घेत बसला. मले त्याची घाण आली.

मी घरी आली. पिशवीतून त्याचे कपडे काढून खाटेवर टाकले, तिच्यात माहं एक लुगडं घातलं. सासूले म्हटलं, पोरीयले पाहजो, मी भंडाऱ्याले चालली. म्हातारीनंच पोरीयले आत बोलावून घेतलं. डोमानं सायकल एस.टी.च्या टपावर चढवली. एस.टी.त तो पुढं बसला, मी मागं बायकायच्यात. मंडईतल्या लोकायनं पाहिलं, अन् पुढं काय काय म्हटलं तेही मले माहीत आहे. म्हणू दे.

मेहरा साहेब म्हातारे झाले होते. त्यायनं डोमाच्या मागं दाराकडं पाहिलं. "सेवक कहाँ है?"

डोमा मान खाली घालून उभा. मग मीच बोलली. म्हटलं, "तो सत्कार घेऊन राहिला, साहेब. मी त्याची बायको. काम असन तर मले द्या."

साहेबानं चष्मा काढला. "तुमको क्या आता है?"

"सात वर्षं तुमचा एक खेळाडू बसवून खाऊ घातला, साहेब. तेवढं येते."

साहेब हसले नाहीत. बराच वेळ माह्या हाताकडं पाहत राहिले. मग म्हणे, कँटीन में देखते हैं.

कँटीनमध्ये लागली. पहिले टेम्परवारी, मग दोन वर्षांनी परमनंट, क्वार्टर माह्या नावावर. पोरीयले घेऊन आली. सेवकराम त्याच्या पुढच्या महिन्यात आला, कोट अंगात, जसा काही कंपनीनं त्यालेच बोलावलं. मी दार उघडलं, म्हटलं, या. हाकलला नाही. नळाचं पाणी सगळ्यायले पुरते.

मैदान आमच्या क्वार्टरच्या मागंच आहे. तिथं डोमा पोट्ट्यायले शिकवते. त्याच्या जोडीची जागा बरेच दिवस रिकामी होती, साहेबानं मुद्दामच ठेवली असन. डोमा एकदा दारात येऊन म्हणे, "ये ना सेवक, उगाच जरा पोट्ट्यायले बॉल देऊन दाखव." हा म्हणे, गुडघा दुखते. एकदाही गेला नाही. कॉलनीतल्या बाया विचारतात, तुमचे मालक काय करतात जी? मी म्हणते, घरी असतात. तो आत ऐकत असते, अन् बोलत नाही.

रोज संध्याकाळी बॉल आपटायचा आवाज सुरू झाला का तो उठते अन् मागची खिडकी लावून घेते. मी हातातलं काम ठेवते, जाते, अन् खिडकी उघडते.